रस्त्यावरचा धोका आधी कसा ओळखायचा? गोव्यात बाईक चालवणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

मी फोंड्याची. गेली २३ वर्षं फोंडा-पणजी-फोंडा रोज मोटरसायकलवरून करते, आधी बाबांची जुनी १०० सीसी होती, आता १५० आहे. वाड्यावरची पोरं, ऑफिसात नवीन लागलेल्या मुली, कोणी ना कोणी शिकायला येतं आणि दरवेळी प्रश्न तेच असतात, म्हणून सगळे एकदाच लिहून ठेवतेय. गिअर कसा टाकायचा, क्लच कसा सोडायचा ते इथे नाहीये, ते कोणीही शिकवेल. इथे फक्त एवढंच आहे की पुढे काय होणार ते दोन-तीन सेकंद आधी कसं कळायचं.

लायसन्स आहे, गाडी नीट चालवता येते. मग हे धोका ओळखणं वेगळं काय?

टेस्टला आपण पाय न टेकता आठचा आकडा काढतो. त्यातून गाडी तुमच्या ताब्यात आहे एवढं सिद्ध होतं, पण रस्ता कोणाच्याच ताब्यात नसतो ना. ब्रिटनमध्ये २००२ पासून लायसन्ससाठी याची वेगळी परीक्षाच आहे, रस्त्यावरचे १४ व्हिडिओ दाखवतात, धोका तयार व्हायला लागला असं वाटलं की क्लिक करायचं, जितकं लवकर तितके मार्क जास्त, पास व्हायला ७५ पैकी ४४ लागतात. म्हणजे हे शिकता येतं आणि मोजताही येतं असं तिथे धरूनच चालतात. आपल्याकडे ज्याने त्याने आपापलं शिकायचं, आणि बरेच जण पडल्यावर शिकतात.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते, रिपोर्ट १९८१ सालचा. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या गाडीशी टक्कर होऊन झालेले, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश वेळा दुसरा माणूस बाईकवाल्याच्या आडवा आला होता. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे गडबड सुरू झाल्यापासून आदळेपर्यंत बाईकवाल्याच्या हातात जेमतेम दोन सेकंद होते. दोन सेकंदात बघायचं, समजायचं, ठरवायचं आणि ब्रेकही मारायचा, हे कोणाच्याच हातून नीट होत नाही. म्हणून ती दोन सेकंदं सुरू व्हायच्या आधी आपलं काम झालेलं पाहिजे.

ताई, हे अंगातच असावं लागतं ना? काहींना आपसूक कळतं.

नाही हो. बाबा गाडी चालवताना मी मागे बसायचे, आणि कित्येकदा त्यांनी रेस सोडली की मला वाटायचं कशाला सोडली, रस्ता तर मोकळा आहे, आणि मग पुढच्या गेटातून कोणीतरी स्कूटर काढायचं. मला ते जादूसारखं वाटायचं. मोठी झाल्यावर एकदा विचारलं तर म्हणाले, गेट उघडं होतं आणि आतल्या स्कूटरचा साइड स्टँड वर होता. बास. त्यांनी ते 'बघितलं' असंही नाही, हात आधी सुटला आणि कारण त्यांना नंतर आठवलं.

आपण ज्याला अंदाज म्हणतो तो असाच साठतो, हजारो वेळा खूण दिसली आणि तिच्यामागून काय आलं ते डोक्याने जोडून ठेवलं की मग खूण दिसल्यावर विचार करायला लागत नाही. जोडून ठेवायचं काम मात्र मुद्दाम करायला लागतं, निदान पहिली एक-दोन वर्षं.

पण मग अनुभवाने ते येतंच की. मी १५ वर्षं चालवतोय, एकदाही पडलो नाही.

चांगलंय, पण नुसत्या वर्षांवर भरवसा ठेवू नका. करमल घाटात आंधळ्या वळणावर ओव्हरटेक केला आणि समोरून कोणी आलं नाही, तर डोकं काय शिकतं? की चालतंय. दहा वेळा चाललं की ती सवय होते आणि तिलाच आपण अनुभव म्हणायला लागतो. रस्ता चुकीची शाबासकी खूप देतो आणि शिक्षा एकदाच करतो, म्हणून रस्त्याच्या भरवशावर शिकता येत नाही.

मी स्वतः एक करते. थोडक्यात वाचल्यासारखं काही झालं, म्हणजे जोरात ब्रेक लागला, हॉर्न दाबायला लागला, पोटात गोळा आला, की घरी आल्यावर दोन मिनिटं बसून विचारते की याची पहिली खूण कुठे होती. त्या माणसाची चूक होती की माझी हा विषयच काढायचा नाही, फक्त मला हे किती आधी दिसू शकलं असतं एवढंच. जवळजवळ प्रत्येक वेळी सापडते. अशी एक वही माझ्याकडे होती, आता डोक्यात ठेवते.

नजर नेमकी कुठे ठेवायची?

नवीन माणूस पुढच्या चाकासमोरचा खड्डा बघत चालवतो, म्हणून त्याला प्रत्येक गोष्ट अचानक वाटते. तुम्ही आत्ता जिथे आहात तिथून जिथे पोचायला दहा-बारा सेकंद लागतील तिथपर्यंत नजर गेली पाहिजे, मग तिथून हळूहळू जवळ, मग दोन्ही कडा, मग आरसा, आणि परत लांब. फिरती ठेवायची, कुठेही दोन सेकंदापेक्षा जास्त रेंगाळू द्यायची नाही. खड्डा लांबूनच दिसून गेलेला असतो, जवळ आल्यावर त्याच्याकडे बघायला लागत नाही.

आरसा बघायची सवय बहुतेकांना नसतेच, आणि आरसे आत वळवून ठेवणारी पोरं बघितली की मला खरंच वाईट वाटतं. पुढे ब्रेक मारायचा की बाजूने निघायचं हे मागे कोण आहे त्यावर ठरतं, ब्रेक मारताना आरशात बघायला वेळ नसतो, म्हणून मागे कोण आहे ते आधीच माहीत असलं पाहिजे.

खुणा खुणा म्हणता, पण कुठल्या? आपल्या रस्त्यावरच्या सांगा.

हे खूप आहे, जमेल तेवढं सांगते.

थांबलेली बस, सरकारी कदंब असो की खाजगी, तिच्या बाजूने जाताना बसच्या पोटाखालून पलीकडे बघा, पाय दिसतात. बसच्या पुढून रस्ता ओलांडणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि तो तुम्हाला दिसत नाही, दिसतात ते फक्त पाय. भोमला रस्ता अगदी घरांना आणि देवळाला लागून जातो, तिथे एकदा बसच्या पुढून शाळेचा मुलगा पळत आला होता, मी वाचले कारण बसच्या खाली मला पांढरे बूट दिसले होते आणि माझा हात आधीच ब्रेकवर होता. चालत्या बसचं पण तसंच, दारातला कंडक्टर बाहेर झुकला किंवा फुटपाथवर कोणी पिशवी उचलली की बस थांबणार, इंडिकेटरची वाट बघू नका.

बाजूला उभ्या असलेल्या कारमध्ये डोकं दिसतंय का बघा. डोकं असेल तर दार उघडू शकतं किंवा गाडी निघू शकते. पुढचं चाक बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर ती निघायच्या तयारीत आहे. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी हलायला लागली की चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो, म्हणून हालचाल सगळ्यात आधी तिथेच दिसते.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी, चालवणाऱ्याला रस्ता माहीत नाही. त्याचा एक डोळा मॅपवर असतो, इंडिकेटर कळंगुटपासून चालू राहिलेला असतो आणि वळण सुटतंय असं वाटलं की तो आहे त्या जागी वळतो. त्यांच्यावर चिडण्यात काही अर्थ नाही, आपण पुण्या-मुंबईत गेलो तर असंच करू. लांब राहायचं, शेजारी तर अजिबात राहायचं नाही. मंगेशीला देवळाकडे वळणाऱ्या गाड्या आणि म्हार्दोळला फुलं घ्यायला थांबणाऱ्या गाड्या, या दोन ठिकाणी पुढची कार उगाच हळू झाली असं वाटलं की समजायचं, ती उगाच नाहीये.

सकाळी आणि संध्याकाळी पोंक पोंक ऐकू आलं म्हणजे सायकलवरून पाव विकणारा पोदेर, आणि पोदेर म्हणजे वाड्यातून पाव घ्यायला धावत येणारी पोरं. चर्चच्या मैदानाजवळ संध्याकाळी बॉल रस्त्यावर आला की त्याच्यामागे मूल येणारच. एक कुत्रा पळत गेला तर दुसरा मागे आहे. म्हैस ओलांडून गेली तरी रेस देऊ नका, रेडकू अजून अलीकडेच असतं. माडावर नारळ काढणारा पाडेली चढलेला असेल तर खाली रस्त्यात कोणीतरी गाड्या थांबवायला उभा असतो, आणि नसेल तर जास्त घाबरा.

रस्ता स्वतःही सांगतो. डांबरावर लाल मातीचे चाकांचे ठसे दिसले म्हणजे जवळच कुठेतरी चिरेखाण किंवा बांधकाम आहे आणि तिथून टिपर बाहेर येतो. उसगाव, धारबांदोडा, डिचोली या बाजूला ट्रकमधून सांडलेली माती वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते, सुकी असली की खडीसारखी सरकते आणि ओली असली की साबण. ताजं शेण म्हणजे पुढे गुरं. पुढच्या चारपाच गाड्या एकाच जागी थोड्या डावीकडे सरकतायत म्हणजे तिथे काहीतरी आहे, अजून तुम्हाला दिसत नसलं तरी.

त्याने माझ्याकडे सरळ बघितलं, आणि तरी गाडी आडवी घातली. असं कसं?

'दिसलाच नाहीस' असं तो नंतर म्हणतो तेव्हा बहुतेक खोटं बोलत नसतो. डोळे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारताना मधलं काहीच नोंदवत नाहीत, आणि एकदम स्पष्ट दिसणारा भाग फार छोटा असतो, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्याएवढा. घाईत डावी-उजवी बघणाऱ्या माणसाच्या त्या उडीत अख्खी बाईक हरवू शकते. शिवाय कारच्या पुढच्या काचेचा खांब असतो, त्याच्यामागे बाईक आरामात लपते. आणि तुम्ही सरळ त्याच्याकडेच येत असाल तर त्याला तुम्ही सरकताना दिसत नाही, नुसता एक ठिपका हळूहळू मोठा होतो आणि शेवटी एकदम मोठा होतो. वर, लहान वस्तू लांब आहे असंच माणसाला वाटतं, म्हणून ट्रक असता तर तो थांबला असता, बाईक आहे म्हणून 'निघेल' असं वाटतं.

यावर उपाय म्हणजे नजरानजर झाली तरी तुम्ही दिसलात असं धरू नका. तिठ्यावर कोणी थांबलेला असेल तर मी रेस सोडते, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवते आणि माझ्या लेनमध्येच हलकीशी डावी-उजवी सरकते, म्हणजे मागच्या झाडाभिंतींवरून माझी आकृती हलताना दिसते. २०१७ पासूनच्या नवीन गाड्यांना दिवसा हेडलाइट चालू असते ती याचसाठी, तिला कोणी स्विच लावून बंद करून घेऊ नका.

ऊन बघा. तुमची सावली तुमच्या पुढे लांब पडलेली असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात सूर्य आहे, त्याला तुम्ही जवळजवळ दिसतच नाही. मी संध्याकाळी पणजीहून फोंड्याला येते तेव्हा अख्खा रस्ता असाच असतो, मला सगळं छान सोनेरी दिसतं आणि समोरच्याला काहीच नाही. हे कळायला मला किती वर्षं लागली.

गावातल्या अरुंद वळणांवर काय करायचं? दोन्ही बाजूला भिंती, पुढचं दिसत नाही.

जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल असाच वेग. आणि रस्ता एकाच गाडीचा असेल तर दिसतोय त्याच्या अर्ध्यात, कारण समोरचाही येतोय आणि त्यालाही थांबायला जागा हवी.

वळणात पुढे दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू धरून ठेवा. तो तुमच्याकडे येतोय असं वाटलं म्हणजे वळण आवळतंय, वेग अजून कमी करा. तो पुढे पळायला लागला की वळण उघडतंय. चोर्ला आणि अनमोड घाटात मला याचा इतका उपयोग होतो की ते शिकल्यावर घाटाची भीती निम्मी कमी झाली. ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी उरकायचे, वळणात फक्त हलकी रेस.

रात्री उलट थोडं सोपं असतं, वळणापलीकडच्या गाडीचा उजेड माडांवर आणि विजेच्या तारांवर आधी पडतो. दिवसा कान वापरा, हेल्मेटमध्ये इयरफोन घालून गावातून जाणारा माणूस अर्धी माहिती फेकून देतो.

पावसाळ्यात वेगळं काय बघायचं?

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे वर्षातले चार महिने रस्ता वेगळाच असतो, तो अपवाद समजू नका. सगळ्यात वाईट पहिले दोन-चार पाऊस, उन्हाळाभर साठलेलं तेल, धूळ आणि टायरचं रबर वर येतं आणि डांबर चकचकीत दिसायला लागतं. तास-दोन तास जोरात पडून गेला की बरं होतं. रिमझिम जास्त वाईट.

डांबर सोडून जे जे काही आहे ते निसरडं: झेब्राचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, पुलांचे जोड, ओला पाला, पडलेली झावळी, शेवाळलेले सिमेंटचे रस्ते. यांच्यावरून जाताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक नको, रेस नको, नुसतं जाऊ द्या. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही, पुढच्या गाडीचं चाक किती बुडतंय ते बघा, आणि पुढे कोणी नसेल तर त्याच्यावरून जाऊच नका.

मी स्वतः एकदा दिवाडीच्या फेरीबोटीवर पडले, जुलै महिना होता, रॅम्प लोखंडी आणि वर चिखल, मागच्याने हॉर्न मारला म्हणून घाई केली आणि उतारावर पुढचा ब्रेक दाबला. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. खूण डोळ्यासमोर होती, माझ्या पुढच्या स्कूटरवाल्याचा पाय रॅम्पवर घसरलेला मी बघितला होता, आणि तरी मी ते स्वतःला लागू केलं नाही. आता फेरीवर चढताना-उतरताना पहिल्या गिअरवर, पाय खाली, मागचा ब्रेक, आणि मागचा कितीही हॉर्न मारू दे.

रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घालू नका, मान वळवली तरी टोपी वळत नाही आणि बाजूचं दिसत नाही. काच धुक्याने भरली तर बोटभर उघडी ठेवा.

किती अंतर ठेवायचं? मधे जागा सोडली की कोणीतरी घुसतंच.

घुसू दे, परत मागे व्हा. ६० च्या वेगाने तुम्ही सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाता. धोका दिसून हात चालेपर्यंत साधारण दीड सेकंद गेला तर ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले, मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तरी अजून वीस-पंचवीस. ४० वर हेच सगळं मिळून २७-२८ मीटरमध्ये होतं. वीसचा फरक आहे वेगात आणि थांबायला लागणारी जागा जवळजवळ दुप्पट.

पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा, ते म्हणून होईपर्यंत तुम्ही खांबापाशी पोचलेले नसावेत. पावसात चारपर्यंत मोजा. बोटं आधीच ब्रेकवर असतील तर त्या दीड सेकंदातला बराच वेळ वाचतो, म्हणून संशय आला की दोन बोटं लिव्हरवर, हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवते.

रात्री गुरं बसलेली असतात रस्त्यात, दिसतच नाहीत.

पावसाळ्यात जास्त, कारण त्यांना कोरडी जागा हवी असते आणि डांबर उबदार असतं. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर, डोळे चमकले तर नशीब. समोरून कोणाचा अपर पडला तर त्या दिव्याकडे बघायचं नाही, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत वेग कमी करायचा, कारण त्या दोन-तीन सेकंदात तुम्ही आंधळे असता. समोरच्याचे दिवे क्षणभर कशाच्या तरी मागे गेल्यासारखे वाटले तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये काहीतरी उभं आहे. रात्री हायवेवर मी ५० च्या वर जात नाही, घरी दहा मिनिटं उशिरा पोचते.

सराव कसा करायचा? नुसतं वाचून हे येणार नाही.

बोलत चालवा. हेल्मेटच्या आत, मोठ्याने, जे दिसतंय आणि त्याचं पुढे काय होऊ शकतं ते. "पुढे रिक्षा, आत माणूस नाही, सवारी शोधतोय, थांबेल. डावीकडे गेट उघडं. आरशात पांढरी गाडी, जवळ आहे. फर्मागुडीची चढण, कॉलेज सुटायची वेळ, पोरं उलट बाजूने येतील." पहिल्या दिवशी पाच मिनिटांत दमायला होतं आणि तोंड मागे पडतं, रस्ता पुढे जातो. तोंड मागे पडलं म्हणजे वेग तुमच्या डोक्यापेक्षा जास्त आहे, इतकं सोपं मोजमाप दुसरं नाही. रोज दहा मिनिटं, एक महिना.

मागे बसून पण करता येतं. बसच्या पुढच्या सीटवर बसून करा, किंवा पायलटच्या, म्हणजे आपल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून. पिवळ्या मडगार्डवाले जुने पायलट बघा जरा, दिवसभर पणजीच्या गर्दीत असतात आणि क्वचितच जोरात ब्रेक मारतात. त्यांचा हात कधी सुटतो ते बघायचं आणि आपणच शोधायचं की त्यांना काय दिसलं. माझं निम्मं शिक्षण असंच झालंय.

रोजच्या रस्त्यावर कशाला एवढं? मला प्रत्येक खड्डा पाठ आहे.

खड्डा पाठ असतो, माणसं पाठ नसतात. ओळखीच्या रस्त्यावर डोकं रस्ता बघत नाही, आठवतं. काल जिथे रस्ता मोकळा होता तिथे आज कोणी खडीचा ढीग टाकलेला असतो आणि आपण कालच्या रस्त्यावर चालवत असतो. घर जवळ आलं की माझा हात आपोआप सैल पडतो हे मला माहितीय, म्हणून शेवटच्या तिठ्यापासून घरापर्यंत मी मुद्दाम परत बोलायला सुरुवात करते.

आणि एवढं करूनही काहीतरी समोर आलंच तर?

ज्याच्यावर आपटायचं नाही त्याच्याकडे बघत राहू नका. डोळे जिथे, गाडी तिथे. म्हशीकडे बघाल तर म्हशीवर जाल, तिच्या बाजूची मोकळी जागा शोधून तिकडेच बघायचं. हे ऐनवेळी सुचत नाही, म्हणून खड्डे चुकवताना रोज सवय करा.

पुढचा ब्रेक घाबरून एकदम आवळायचा नाही, आधी हलका म्हणजे वजन पुढच्या चाकावर येतं, आणि मग जोरात. मागचा सोबत. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाने वीस वेळा करा, मग ४० ने. हातांना माहीत पाहिजे.

एबीएस असेल तर हे सगळं लागतं का?

लागतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण बसखालचे पाय तुम्हाला दाखवत नाही. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना २०१९ पासून सक्तीचा आहे, चांगली गोष्ट आहे, गाडी घेताना बघून घ्या. लहान स्कूटरना बहुतेक दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस असते, ती वेगळी.

मोबाईल, दारू, झोप?

नाही, नाही आणि नाही. बाकी सगळं शिकलेलं या तिन्हींमध्ये वाहून जातं. लग्नाहून रात्री परत यायचं असेल तर कोणाच्या तरी घरी झोपा, गोव्यात पाहुण्याला रात्री राहू देत नाही असं घर मी बघितलेलं नाही.

माझी मुलगी १८ ची झालीय, मला भीती वाटते. तिला कसं शिकवू?

आधी महिनाभर तिला मागे बसवा आणि तिला बोलायला लावा, तुम्ही चालवा. दोघांच्याही डोक्यावर नीट बांधलेलं आयएसआयचं हेल्मेट. ती म्हणाली "पपा, ती कार निघणार" आणि कार निघाली तर शाबासकी द्या, नाही निघाली तरी द्या, कारण खूण तिने बरोबर ओळखली होती. मग ती चालवेल आणि तुम्ही मागे. मागून ओरडू नका, तुमच्या ओरडण्याने तिचं लक्ष रस्त्यावरून तुमच्यावर येतं. "आता काय दिसतंय?" एवढंच विचारा. पावसात आणि रात्री पहिल्यांदा चालवताना सोबत कोणीतरी असलंच पाहिजे, तिला आधी सांगू नका की काही होणार नाही, काय काय होऊ शकतं तेच सांगा.

मी पडले होते, आता गाडीला हात लावायला भीती वाटते.

फेरीनंतर माझंही असंच झालं होतं, तीन महिने बसने गेले. घाई नको. आधी नुसती त्या जागेवर चालत जा आणि खूण कुठे होती ती शोधा, कारण जोपर्यंत 'अचानक झालं' असं वाटतंय तोपर्यंत ते कुठेही परत अचानक होऊ शकतं असं डोकं धरून बसतं. खूण सापडली की भीती एका जागेपुरती होते. मग सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर, वाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत.

हे जमायला लागलं ते कसं ओळखायचं?

तुमचं तुम्हाला लगेच कळत नाही. हॉर्न कमी वाजतो. ब्रेकचे पॅड आधीपेक्षा जास्त टिकतात, मेकॅनिक विचारेल गाडी कमी चालवता का म्हणून. प्रवास कंटाळवाणा होतो, सांगण्यासारखं काही घडत नाही. आणि मागे कोणी बसलं असेल तर त्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटला आपटायचं थांबतं.